विशेषण आणि विशेष्य : मेंदूतल्या एका गाठीच्या नावांचा इतिहास

आमच्या मराठी विभागाच्या माजी प्रमुखांनी आयुष्यभर व्याकरण शिकवले. इथे त्यांना नुसते 'सर' म्हणतो. २०२१ च्या पावसाळ्यात सरांना शब्द सापडेनासे झाले. 'चष्मा' म्हणायचे असताना तोंडून 'उंबरा' निघे, आणि आपण चुकलो हे त्यांना त्याच क्षणी कळत असे. पहिले काही आठवडे आम्ही सर्वांनी ते वयावर घातले. मग एम.आर.आय. झाला आणि मेंदूच्या डाव्या भागात, बरीच खोलवर, एक गाठ दिसली. आपल्याकडे अशी गाठ दिसली की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो येणे चूकही नाही. क्षयाची औषधे सुरू झाली. सोबत मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड. चौथ्या-पाचव्या दिवशी सर पूर्वीसारखे बोलू लागले. महिन्याने पुन्हा तपासणी केली तर गाठ नाहीशी झालेली. घरात सत्यनारायण घातला गेला. प्रसाद मीही घेतला.

स्टेरॉइड बंद झाल्यावर अडीच महिन्यांनी गाठ परत आली, आणि या वेळी एक नव्हे, दोन. पुण्यात कवटीला बारीक छिद्र पाडून सुईने तुकडा काढला गेला. अहवालात लिहिले होते : 'प्रायमरी सी.एन.एस. लिम्फोमा'. सरांच्या सूनबाईंनी घरच्यांसाठी त्याचे मराठी केले, 'मध्यवर्ती मज्जासंस्थेचा प्राथमिक लिम्फोमा'. 'प्राथमिक' हा शब्द ऐकताच घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. अजून प्राथमिक अवस्थाच आहे, म्हणजे वेळेत सापडले!

आपल्या भाषेत प्राथमिक म्हणजे आरंभीचे, पहिल्या पायरीचे : प्राथमिक शाळा, प्राथमिक उपचार, प्राथमिक चौकशी. वैद्यकाच्या भाषेत त्याचा अर्थ अगदी निराळा. रोगाच्या पायरीशी त्याचा काही संबंध नाही, त्याचा संबंध स्थानाशी आहे. दुसऱ्या अवयवातून इथे पसरून आलेला नाही, इथलाच, मूळचा, एवढेच ते विशेषण सांगते. डॉक्टरांनी हे समजावल्यावर घरात शांतता पसरली. सर मात्र (पुन्हा सुरू झालेल्या स्टेरॉइडमुळे तेव्हा त्यांचे शब्द काहीसे परतले होते) हळूच म्हणाले, "विशेषण विशेष्याला लागत नाही." लिम्फोमा म्हणजे लसिकेशी संबंधित पेशींची गाठ. मेंदूत लसिकाग्रंथी नाहीत. मग जे तिथे नाहीच, त्याची गाठ तिथली 'मूळची' कशी?

डॉक्टर हसले, रुग्णाची भाषा परत आली याचा त्यांना आनंद झाला असावा. पण हा प्रश्न विनोदाचा नव्हता. सुमारे शंभर वर्षे वैद्यकशास्त्र याच प्रश्नाभोवती फिरत राहिले, आणि त्या शंभर वर्षांत या रोगाला जी अर्धा डझन नावे मिळाली, ती सगळी याच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे होती. मी वैद्यकाचा माणूस नाही. नावांचा इतिहास हा मात्र आमच्या धंद्याचा भाग आहे, म्हणून त्या वाटेने गेलो.

*

लसिकाग्रंथींच्या रोगाची आधुनिक कथा १८३२ पासून सांगण्याचा प्रघात आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले टॉमस हॉजकिन यांनी त्या वर्षी सात रुग्णांच्या सुजलेल्या ग्रंथींचे आणि प्लीहांचे वर्णन मांडले. फारसे कोणी लक्ष दिले नाही. तेहतीस वर्षांनी, १८६५ मध्ये, सॅम्युएल विल्क्स यांनी त्या रोगाला हॉजकिन यांचे नाव दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन भाषेत 'लिम्फोसार्कोमा', 'लिम्फोमा' हे शब्द रुळले. ग्रंथी मानेत, काखेत, जांघेत, पोटात असत आणि गाठीही तिथेच येत. मेंदू या नकाशात कुठेच नव्हता.

तसा एक अपवाद होऊन गेला होता. सिएना येथील शरीरशास्त्रज्ञ पाओलो मास्काग्नी यांनी १७८७ मध्ये मानवी देहातल्या लसिकावाहिन्यांचा भव्य सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. बारीक वाहिन्यांत पारा भरून त्या पाहायच्या, अशी त्यांची रीत. मेंदूच्या पडद्यांतही आपल्याला अशा वाहिन्या दिसल्याचे त्यांनी नोंदवले होते. पुढच्या पिढ्यांना त्या दिसल्या नाहीत, आणि 'मेंदूला लसिकावाहिन्या नसतात' हे वाक्य पाठ्यपुस्तकांत कायमचे बसले. मास्काग्नींकडे आपल्याला शेवटी परत यायचे आहे.

१९२९ मध्ये अमेरिकी शल्यविशारद आणि विकृतिशास्त्रज्ञ पर्सिव्हल बेली यांनी कवटीतल्या काही विचित्र गाठींचे वर्णन प्रसिद्ध केले. बेली हा साधा माणूस नव्हता. हार्वे कुशिंग यांच्यासोबत १९२६ मध्ये त्यांनी मेंदूच्या गाठींचे जे वर्गीकरण केले, त्यावर त्या विषयाची पुढची इमारत उभी राहिली. मेंदूच्या गाठीत कोणकोणत्या पेशी दिसतात, हे त्या काळी त्यांच्याइतके जाणणारे थोडेच असतील. तरीही या गाठी त्यांच्या वर्गीकरणात बसेनात. त्यांतल्या पेशी रक्तवाहिन्यांभोवती कडी करून उभ्या होत्या, एकाभोवती एक, झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या. रक्तवाहिनीच्या आवरणातून त्या उगवल्या असाव्यात असे मानून बेलींनी नाव दिले, 'पेरिथेलियल सार्कोमा'. म्हणजे पहिले उत्तर असे : हे मेंदूचे अपत्य नव्हे, मेंदूतल्या रक्तवाहिनीचे.

हे वर्णन आज वाचताना जाणवते की पाहण्यात चूक नव्हती. ती वलये आजही सूक्ष्मदर्शकाखाली तशीच दिसतात आणि निदानाला उपयोगी पडतात. चूक झाली ती पाहिलेल्याला नाव देताना. वाहिनीभोवती जमलेली गर्दी वाहिनीतून बाहेर पडून जमली आहे, हा अर्थ तेव्हा सुचणे कठीण होते. त्याच सुमारास युरोपात 'रेटिक्युलम सेल सार्कोमा' हे नाव प्रचारात आले होते. ग्रंथींच्या जाळीदार आधारपेशींपासून होणारी गाठ, असा त्याचा अर्थ. १९३० च्या दशकात मेंदूतल्या अशा गाठींनाही ते लावले जाऊ लागले. जाळी मेंदूत कुठून आली, हे कोणी विचारले की उत्तर देणारा पुन्हा रक्तवाहिनीकडे बोट दाखवी.

तिसरे नाव अधिक सुंदर होते, आणि अधिक चुकीचे. त्यासाठी स्पेनला जावे लागते. माद्रिदमध्ये सांतियागो रामोन इ काहाल यांच्या छायेत काम करणारे पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांची रंगवण्याची एक नवी पद्धत काढली, आणि १९१९ मध्ये मेंदूतल्या एका वेगळ्याच पेशीचे अस्तित्व दाखवले. 'मायक्रोग्लिया' हे नाव त्यांचेच. इजा झाली की या पेशी आकार बदलतात, सरकतात, मेलेले गिळून टाकतात : मेंदूच्या सफाई कामगार आणि पहारेकरी. गुरु-शिष्यांचे यावरून बिनसले आणि ओर्तेगांना प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढे स्पेनच्या यादवीने देशही सोडायला लावला. पॅरिस, ऑक्सफर्ड आणि अखेर ब्वेनोस आयरेस. तिथेच १९४५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. या पेशी मेंदूच्या इतर पेशींसारख्या नाहीत, गर्भावस्थेत बाहेरून येऊन वसलेल्या आहेत, असे ओर्तेगांचे ठाम मत होते. परागंदा झालेल्या माणसाने हे सांगितले याला मी काही अर्थ चिकटवत नाही, पण लक्षात राहते खरे.

लंडनमध्ये डोरोथी रसेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात एक दीर्घ लेख लिहिला. त्यांच्या मते ही गूढ गाठ मायक्रोग्लियाच्याच बेबंद वाढीतून निर्माण होत होती. नाव : 'मायक्रोग्लिओमॅटोसिस'. हे नाव पुढे जवळजवळ तीस वर्षे टिकले. त्याने एक अडचण सोडवली होती. मायक्रोग्लिया मेंदूची रहिवासी, म्हणून गाठ मेंदूची 'मूळची' ठरली आणि विशेषण विशेष्याला अगदी नीट लागले. वाक्य व्याकरणशुद्ध झाले. आशयाने ते चुकीचे होते.

*

ते नाव कसे पडले, ही हकीकत मेंदूपासून दूर, मूत्रपिंडांच्या शस्त्रक्रियागृहात सुरू होते. मूत्रपिंडरोपण यशस्वी व्हायचे तर शरीराने परक्या अवयवाला नाकारता कामा नये. म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवायची. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अशा रुग्णांत लिम्फोमा दिसू लागले, आणि त्यांतले नको तेवढे मेंदूत दिसू लागले. सर्वसाधारण माणसात मेंदूतला लिम्फोमा हा अपवादातला अपवाद. १९७३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हूवर आणि फ्रॉमेनी यांनी रोपण झालेल्या सहा हजारांहून अधिक रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांच्यात 'रेटिक्युलम सेल सार्कोमा'चा धोका सर्वसामान्यांच्या सुमारे ३५० पट निघाला. जुनेच नाव, पण आकडा नवी गोष्ट सांगत होता. प्रतिकारशक्ती दाबली की जी गाठ वाढते, तिचे नाते प्रतिकारशक्तीच्या पेशींशी असले पाहिजे.

त्याच दशकात पेशींच्या पृष्ठभागावरची आणि आतली प्रथिने रंगवून ओळखण्याची तंत्रे आली. १९७८ च्या सुमारास 'मायक्रोग्लिओमा' म्हणून जपून ठेवलेल्या जुन्या तुकड्यांची अशी तपासणी झाली, तेव्हा त्यांत प्रतिपिंडे सापडली. तीही एकाच वाणाची. प्रतिपिंडे तयार करणे हे काम शरीरात बी-लसिकापेशी आणि त्यांचे वंशज करतात. मायक्रोग्लिया करत नाही. वाद तिथेच संपला. पेशी लसिकेची होती, फक्त मेंदूत सापडत होती. आज आपण जाणतो की या रोगाच्या दहापैकी नऊ रुग्णांत मोठ्या बी-पेशींचा एक ठरावीक प्रकार असतो.

यानंतर एड्स आला. १९८१ च्या जून महिन्यात लॉस एंजलिसमधल्या पाच तरुणांच्या न्यूमोनियाची बातमी छापून आली, आणि १९८२ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने या नव्या रोगाची व्याख्या केली, तेव्हा एड्स सूचित करणाऱ्या आजारांच्या यादीत 'मेंदूपुरता मर्यादित लिम्फोमा' होता. बहुतेक डॉक्टरांनी सबंध आयुष्यात एकदाही न पाहिलेला रोग एका रात्रीत यादीत येऊन बसला. १९९१ मध्ये असे आढळले की एड्सच्या रुग्णांतल्या या गाठींमध्ये एप्स्टाइन-बार विषाणू जवळजवळ नेमाने असतो. हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात मुक्कामाला असतो, आणि शाबूत प्रतिकारशक्ती त्याला दबवून ठेवते. १९९६ नंतर एच.आय.व्ही.वरची एकत्रित औषधे आली आणि त्या रुग्णांतला मेंदूचा लिम्फोमा झपाट्याने ओसरला.

आपल्याकडचे चित्र वेगळे होते. १९९० च्या दशकात मुंबईत एड्सने मृत्यू पावलेल्या रुग्णांची जी शवविच्छेदने झाली, त्यांत मेंदूमध्ये क्षय, क्रिप्टोकॉकस, टोक्सोप्लाझ्मा असे संसर्ग भरपूर दिसले, लिम्फोमा मात्र क्वचितच. विषाणू तर इथेही घरोघरी होता. एक स्पष्टीकरण असे दिले जाते की हा लिम्फोमा प्रतिकारशक्ती अगदी तळाला गेल्यावर होतो, आणि आमचे रुग्ण त्या तळापर्यंत पोहोचण्याआधीच क्षयाने जात होते. रोगाची दुर्मिळता दर वेळी दिलासा देणारी नसते.

सरांच्या गाठीचा एड्सशी किंवा त्या विषाणूशी काही संबंध नव्हता. साठी ओलांडलेल्या, बाकी धडधाकट माणसांना होणारा हा रोग बहुधा त्या विषाणूशिवायच होतो. त्यामागे पेशीच्या जनुकांतले काही ठरावीक बदल असतात; 'मायडी-८८' नावाच्या जनुकातला बदल त्यांत विशेष प्रसिद्ध आहे.

*

मघाशी १९४८ चा उल्लेख आला. ते साल पुन्हा पुन्हा पुढ्यात येते, म्हणून जरा थांबतो. रसेलबाईंनी चुकीचे नाव दिले त्याच वर्षी आणखी तीन गोष्टी घडल्या. त्यांचा या रोगाशी काही संबंध आहे याची करणाऱ्यांना कल्पना नव्हती. योगायोगात अर्थ शोधू नये हे मान्य आहे. पण सरांच्या फायलीतली पानामागून पाने त्या एका सालाकडे बोट दाखवतात, याला मी तरी काय करू?

पहिली गोष्ट पीटर मेडावर यांची. परक्या सशाची कातडी दुसऱ्या सशाच्या अंगावर लावली की शरीर ती झिडकारते, हे त्यांनी आधीच दाखवले होते. १९४८ मध्ये त्यांनी तीच कातडी सशाच्या मेंदूत ठेवली. ती तगली. मात्र त्या सशाच्या अंगावर आधी त्याच दात्याची कातडी लावून शरीराला 'ओळख' करून दिली असेल, तर मेंदूतलीही झिडकारली गेली. म्हणजे मेंदूत शिक्षा होऊ शकते, तक्रार नोंदवली जात नाही. पुढे अशा स्थानांना 'प्रतिकारदृष्ट्या विशेषाधिकारी' म्हणू लागले. बिघडलेल्या लसिकापेशीला लपायला याहून सोयीचे ठिकाण कोणते?

दुसरी गोष्ट त्या वर्षीच्या सप्टेंबरातली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले, आणि काही दिवसांत ती चालू लागली. तिथून स्टेरॉइडचे युग सुरू झाले. मेंदूच्या गाठीभोवतीची सूज उतरवायला ते १९६० च्या दशकाच्या आरंभापासून वापरात आले. बहुतेक गाठींत स्टेरॉइड फक्त सूज उतरवते, गाठ जागेवरच राहते. लिम्फोमात मात्र ते थेट लसिकापेशींनाच मारते. गाठ स्कॅनवरून विरघळून जाते. इंग्रजीत तिला भुताची गाठ म्हणतात. काही आठवडे, काही महिने, आणि मग ती परत येते. दरम्यान तुकडा काढला तर त्यात मेलेल्या पेशी आणि थोडी सूज याखेरीज काही हाती लागत नाही. म्हणून आता नियम असा आहे की लिम्फोमाचा संशय असेल आणि रुग्णाचा जीव तत्काळ धोक्यात नसेल, तर तुकडा काढेपर्यंत स्टेरॉइड देऊ नये.

वाक्य लिहायला सोपे आहे. समोर एक माणूस आपल्या नातवाचे नाव विसरतो आहे, घरचे हात जोडून उभे आहेत, आणि आराम देणारे औषध कपाटात आहे. तेव्हा ते न देणे सोपे नाही. सरांच्या पहिल्या डॉक्टरांनी ते दिले. त्यांना मी दोष देत नाही. सोबत क्षयाची औषधे चालू असल्याने सुधारणेचे श्रेय त्यांना गेले, एवढेच. अडीच महिने गेले हे खरे, आणि त्या अडीच महिन्यांत सर आमच्याशी बोलले हेही खरे.

तिसरी गोष्ट बॉस्टनची आहे, पण तिचे मूळ मुंबईत, परळला.

*

१९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईला आल्या. केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकले होते. परीक्षा उत्तीर्ण झाल्या तरी त्या काळी ते विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे, तशी ती त्यांनाही मिळाली नाही. पुढे लंडनला त्या डॉक्टर झाल्या. मुंबईतले त्यांचे काम होते गरोदर स्त्रियांतल्या एका जीवघेण्या पंडुरोगाचे कारण शोधण्याचे, आणि कामाची जागा होती परळचे हाफकिन इन्स्टिट्यूट. रुग्ण कोण? गिरण्यांत काम करणाऱ्या, अपुऱ्या अन्नावर राहणाऱ्या गरोदर बायका. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने अवाजवी मोठ्या असत. रोगजंतू सापडत नव्हता. विल्सबाईंचे लक्ष आहाराकडे गेले. उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग झाले, आणि यीस्टपासून केलेला 'मार्माइट' नावाचा स्वस्त, काळा, खारट अर्क खाऊ घातल्यावर रक्त सुधारते असे दिसले. १९३१ मध्ये त्यांनी ते 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. अर्कात नेमके काय होते ते त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून त्या द्रव्याला काही काळ 'विल्स घटक' म्हणत.

टेक्ससमध्ये १९४१ साली काही टन पालकातून चिमूटभर द्रव्य वेगळे करण्यात आले. लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून त्याचे नाव फोलिक आम्ल पडले. विल्सबाईंचा घटक याच कुळातला निघाला. ते कृत्रिमरीत्या तयार केले न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेने, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते १८९५ मध्ये भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. आता गंमत पाहा. बॉस्टनचे सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फोलिक आम्लाच्या जातीची द्रव्ये देऊन पाहिली, तर रोग उलट बळावतो असे त्यांना वाटले. कर्करोगाच्या पेशींना वाढायला हेच जीवनसत्त्व हवे असेल, तर त्याचा तोतया द्यावा! सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने असे तोतये बनवले होते. त्यांतल्या 'ॲमिनोप्टेरिन'चा फार्बर यांनी केलेला प्रयोग १९४८ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. सोळा मुलांपैकी दहांचा रोग काही काळ हटला होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. ॲमिनोप्टेरिनचा धाकटा भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट, आणि मेंदूच्या लिम्फोमावरचे आजचे मुख्य औषध तेच आहे.

मधली चाळीस वर्षे मात्र वाईट गेली. नुसती शस्त्रक्रिया उपयोगाची नव्हती, कारण गाठ एके ठिकाणी दिसली तरी पेशी मेंदूभर पांगलेल्या असतात. सबंध मेंदूला किरणोपचार दिले की गाठ वितळे आणि बहुधा वर्षभरात परत येई. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निम्मे रुग्ण सुमारे बारा महिन्यांत दगावले होते. शरीरातल्या इतर लिम्फोमांना बरे करणारी औषधे इथे निष्प्रभ ठरली, कारण रक्त आणि मेंदू यांच्या मधला अडसर ती ओलांडू शकत नव्हती. मेथोट्रेक्सेटही साध्या मात्रेत तो फारसे ओलांडत नाही. मग उपाय एकच : मात्रा इतकी वाढवायची की थोडे तरी पलीकडे झिरपेल. संधिवाताच्या रुग्णाला हेच औषध आठवड्याला पंधरा-वीस मिलिग्रॅम देतात. सरांना ते एका बैठकीत त्याच्या तीनशे पटींहून अधिक दिले गेले. एवढ्या मात्रेने माणूस मरेल. म्हणून साधारण चोवीस तासांनी उतारा सुरू करायचा, आणि हा उतारा म्हणजे फोलिक आम्लाचेच एक तयार रूप. परळच्या बायकांना जे मिळत नव्हते, ते आधी ठरवून तोडायचे आणि मग वेळ साधून परत द्यायचे. दर खेपेला रक्तातली औषधाची पातळी मोजत, सलाइनवर सलाइन लावत, मूत्रपिंडे सांभाळत हा खेळ चालतो. सरांच्या चिरंजीवांना त्या बाटल्यांच्या वेळा तोंडपाठ झाल्या होत्या.

किरणोपचारांआधी मेथोट्रेक्सेट दिले तर निम्म्याहून अधिक रुग्ण तीन वर्षांपलीकडे जातात, हे न्यूयॉर्कच्या एका गटाने १९९२ मध्ये दाखवले. पण साठीच्या पुढच्या रुग्णांत एक वेगळीच किंमत दिसू लागली. रोग बरा झालेली माणसे काही वर्षांत चालणे, बोलणे, लघवीवरचे नियंत्रण गमावू लागली. रोगातून वाचलेला मेंदू उपचाराने झिजत होता. २०१० मध्ये ५५१ रुग्णांचा एक मोठा जर्मन अभ्यास प्रसिद्ध झाला. किरणोपचार वगळल्याने एकूण आयुष्य लक्षणीयरीत्या घटलेले त्यात दिसले नाही. आकडेशास्त्राच्या काटेकोर कसोटीवर निष्कर्ष निर्विवाद नव्हता, तरी बऱ्याच डॉक्टरांनी ज्येष्ठ रुग्णांत किरणोपचार टाळण्याकडे वळण्यात त्याचा वाटा आहे. सरांपुढे हा पर्याय आला तेव्हा त्यांनी किरणोपचार नाकारले. "राहिलेले शब्द मला लागतील," एवढेच ते म्हणाले.

*

आता मास्काग्नी. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आणि फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या अशा दोन गटांनी, स्वतंत्रपणे, उंदराच्या मेंदूच्या पडद्यांत लसिकावाहिन्या दाखवल्या. दोन वर्षांनी त्या माणसातही दिसल्या. पाठ्यपुस्तकातले ते जुने वाक्य खोडावे लागले, आणि सव्वादोनशे वर्षे कल्पनाविलास म्हणून बाजूला ठेवलेली नोंद पुन्हा वाचली जाऊ लागली.

म्हणून सरांच्या आक्षेपाचे उत्तर मिळाले का? पूर्णपणे नाही. वाहिन्या पडद्यांत आहेत, मेंदूच्या गाभ्यात नाहीत, आणि लसिकाग्रंथी तर तिथे नाहीतच. या गाठीतल्या बी-पेशींच्या जनुकांवर ग्रंथींमधल्या 'शिक्षणा'चे ठसे दिसतात. म्हणजे त्या कुठेतरी बाहेर शिकून मेंदूत आल्या आहेत. काही रुग्णांच्या रक्तात आणि अस्थिमज्जेत त्याच वंशाच्या पेशी अत्यल्प प्रमाणात सापडल्या आहेत. त्या बाहेर बिघडल्या आणि आत येऊन फोफावल्या, की चांगल्या असताना आल्या आणि आत बिघडल्या, यावर अजून मतभेद आहेत. पहिली शक्यता खरी असेल तर 'प्राथमिक' हे विशेषण सवयीपुरतेच उरते.

शास्त्रज्ञांनाही ते खटकले असावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणात या गाठीला प्रथमच स्वतंत्र खाते मिळाले होते, मेंदूच्या नावाने. २०२२ च्या सुमारास आलेल्या पाचव्या आवृत्तीत ते खातेच बदलले. आता मेंदू, डोळ्याचा अंतर्भाग आणि वृषण या तीन जागांचे लिम्फोमा एकत्र करून त्यांना 'प्रतिकारदृष्ट्या विशेषाधिकारी स्थानांतला मोठ्या बी-पेशींचा लिम्फोमा' असे नाव मिळाले आहे. पेशी जन्मली कुठे हा प्रश्न सोडून देऊन ती लपते कुठे, यावर नाव ठेवले गेले. मेडावरांच्या सशांचा शब्द असा चौऱ्याहत्तर वर्षांनी रोगाच्या नावात शिरला. त्याच वर्षी तज्ज्ञांच्या दुसऱ्या एका गटाने प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणाने मात्र मेंदूच्या नावाचे जुने खातेच कायम ठेवले. म्हणजे आज या रोगाला अधिकृत अशी दोन नावे आहेत, आणि अहवालात कोणते येईल ते लिहिणाऱ्यावर अवलंबून आहे.

नवे नाव मी सरांना वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावले. "समास लांबला," म्हणाले, "पण अन्वय लागतो."

२०२४ च्या हिवाळ्यात सरांना उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगताना दिसू लागले. मोतीबिंदू असेल, वयोमानाने होते, असे आधी वाटले. या वेळी सूनबाईंनी फाइल उघडून नेत्रतज्ज्ञांपुढे ठेवली आणि तुकडा तपासेपर्यंत स्टेरॉइडचे थेंब घालू दिले नाहीत. डोळ्यातल्या द्रवात त्याच पेशी निघाल्या, मेंदूचा एम.आर.आय. स्वच्छ होता. ठरावीक दिवसांनी आता डोळ्यात इंजेक्शन देतात, मेथोट्रेक्सेटचेच. वाचायला त्रास होतो, म्हणून मी शनिवारी जाऊन वर्तमानपत्र वाचून दाखवतो. मथळ्यातली व्याकरणाची चूक ते अजूनही पहिल्या फटक्यात पकडतात.